सात म्हणजे कुणाचे सात? गावातलं घर की रँचवरचं

रँचवाल्या (रँच म्हणजे गाई पाळायचं मोठं कुरण) घरात लग्न ठरलंय, पदरात आधीचं मूल आहे, आणि राहायचं कुठे यावर घोडं अडलंय, अशा बाईसाठी हे लिहितेय. लग्न झालं तेव्हा माझी लेक सहा वर्षांची होती. पहिलं दीड वर्ष आम्ही दोघी गावातल्या माझ्या जुन्या घरात राहिलो, पुढची साडेतीन वर्षं रँचवर. दोन्हीकडे नांदून झालंय, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करत नाही.

जागा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्सची, चेरी काउंटी. इथे सून म्हणून येणाऱ्या बाईला वाळूच्या टेकड्या आणि त्यावरचं गवत यांचं वर्णन नको. साधारण सहा हजार चौरस मैलांत साडेपाच हजार माणसं आणि लाखाच्या वर गाई, हेही तुम्ही पाहिलेलं असेल. गाव म्हणजे व्हॅलेंटाइन. आमचं रँच तिथून पश्चिमेला 48 मैल, शेवटचे 11 मैल वाळूतला रस्ता आणि तीन ऑटोगेट, म्हणजे गाडी जाते पण गुरं ओलांडत नाहीत अशा रस्त्यातल्या लोखंडी जाळ्या.

आधी गावातल्या घराचं चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. शाळा चालत जाण्याइतकी जवळ. दवाखाना, वाणसामान, लायब्ररी सगळं पाच मिनिटांत. माझी पूर्णवेळ नोकरी, आणि नोकरीमुळे मिळणारा आरोग्य विमा. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. रँचचा पैसा वर्षातून एकदा, शरद ऋतूत वासरं विकली की येतो, आणि त्यातून आधी बँकेचं देणं फिटतं. सुनेला पगार नसतो. इथल्या कितीतरी घरांत बाईची गावातली नोकरी चालू असते ती विम्यासाठीच. मी रँचवर आले तेव्हा ती नोकरी अर्धवेळ झाली, विमा गेला, आणि आम्ही स्वतः घेतलेला विमा चांगलाच महाग पडतो. या बाबतीत गावातलं घर सरळ जिंकतं.

दुसरं म्हणजे सासूबाई. त्यांचं घर आमच्यापासून ऐंशी पावलांवर. दार वाजवायची पद्धत नाही. माणसं मनाची मोठी आहेत, पण ज्या घरात मी राहते ते माझ्या नवऱ्याचं नाही, कुटुंबाच्या कंपनीचं आहे. भिंतीला रंग कोणता द्यायचा हे सकाळी नाश्त्याला चार माणसांत ठरतं. दुपारच्या जेवणाला, ज्याला इथे ‘डिनर’ म्हणतात, किती ताटं लागणार हे बारा वाजेपर्यंत कळत नाही: गुरांचा डॉक्टर, ट्रकवाला, कुंपण दुरुस्तीला आलेला शेजारी. मे महिन्यात डागणीच्या, म्हणजे वासरांना मालकाच्या खुणेचा डाग द्यायच्या दिवशी तीस-पस्तीस जणांचा स्वयंपाक. शेजारी तुमच्याकडे राबतात, तुम्ही त्यांच्याकडे, आणि कोणाच्या घरी काय वाढलं याची आठवण दहा वर्षं निघते. गावात राहिलात तर यातलं निम्मं टळतं. टळावं असं वाटण्यात काही गैर नाही. (आणि एक, कोणालाही ‘तुमच्याकडे किती गाई?’ असं विचारू नका. बँकेत किती शिल्लक आहे असं विचारल्यासारखं होतं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.)

मुलांच्या जिवाला धोका दोन्हीकडे असतो, रँचवर जास्त. सापापेक्षा मला भीती वाटायची पवनचक्कीखालच्या पाण्याच्या टाक्यांची. उन्हाळ्यात मुलं तिकडेच पळतात. लहान मूल असेल तर पहिल्या दिवशी टाकीचा नियम घालून द्या, रंगाचं नंतर बघू.

एवढं सगळं असून मी हलले, ते एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे. घड्याळ.

चेरी काउंटीच्या मधून वेळेची सीमारेषा जाते. पूर्वेचा भाग, व्हॅलेंटाइन धरून, सेंट्रल वेळेवर, आणि पश्चिमेचा माउंटन वेळेवर, एक तास मागे. गावातलं घर आणि शाळा रेषेच्या अलीकडे, रँच पलीकडे. लग्नाआधी मला हे गमतीचं वाटायचं. लग्नानंतर रोजची कटकट झाली. नवरा फोनवर म्हणायचा, ‘सातला पोचतो.’ त्याचे सात म्हणजे आमचे आठ. आठला लेक झोपलेली. मी जेवण गरम करायची, झाकायची, परत गरम करायची. तो यायचा, बूट काढायचा, झोपलेल्या मुलीकडे दारातून बघायचा आणि पहाटे ती उठायच्या आत परत निघायचा. मग आम्ही ठरवलं, वेळ सांगताना ‘तुझे’ की ‘माझे’ ते बोलायचं. मग तो ‘तुझे सात’ म्हणायला लागला, आणि मला कळेना की त्याच्या तोंडून ‘तुझे’ म्हणजे माझे, की मीच मागे शिकवलेलं वाक्य तो माझ्याच शब्दांत म्हणतोय. हसू नका. यावरून आमचं दोनदा खरंखुरं भांडण झालंय. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमाला तो बरोबर एक तास उशिरा, नवीन शर्ट घालून, अगदी वेळेवर आला. रेषेजवळ फोनही भरवशाचा नाही, टॉवर बदलला की तास बदलतो.

लेक त्या वर्षी विचारायला लागली, ‘शाळेचे सात की रँचचे सात?’ तिच्या डोक्यात तो माणूसच दुसऱ्या वेळेतला झाला होता.

त्यात फेब्रुवारी उजाडला. पहिलारू कालवडी वितात तेव्हा रात्री दर दोन-तीन तासांनी फेरी मारावी लागते, वासरू थंडीत गारठलं तर घरात आणून गरम करावं लागतं आणि पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो. तीन आठवडे तो गावात आलाच नाही. कोणाची चूक नव्हती. पण लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, आणि माझ्या मुलीला आपल्या सावत्र बापाची ओळख फोनमधला आवाज एवढीच होती. मी धड गावातली नाही, धड रँचवरची नाही. आमचं तळ्यात-मळ्यात चाललेलं, आणि प्रत्येक उडीला एक तास जात होता.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सामान हलवलं. लेक 14 मैलांवरच्या ग्रामीण शाळेत जायला लागली. दोन बाई, नऊ मुलं. अशा शाळा इथे अजून टिकून आहेत. अभ्यासात ती मागे पडली असं मला वाटत नाही, मैत्रिणी मात्र कमी झाल्या आणि ते तिला लागलं. तेही तुमच्या हिशेबात धरा. दुसऱ्या बाजूला, मार्चमध्ये तिला आई नसलेलं एक वासरू मिळालं. इथे त्याला ‘बम’ म्हणतात. दोन क्वार्टची (साधारण दोन लिटरची) बाटली, सकाळ-संध्याकाळ. नवरा आणि ती न बोलता शेजारी शेजारी उभी राहून दूध पाजायची. मी गावात राहून दीड वर्ष ज्यासाठी जेवणं गरम करत होते, ते गोठ्यात वीस मिनिटांत होत होतं. हे मोजून दाखवता येणार नाही, माझ्या घरात दिसलं म्हणून सांगतेय.

तुमचं रँच गावापासून पंधरा-वीस मैलांवर असेल आणि रेषेच्या एकाच बाजूला असेल, तर कदाचित गावात राहणंच शहाणपणाचं. सासर-माहेर जुळत नसेल, किंवा घरात कोणाला नियमित औषधोपचार लागत असतील, तरीही. रँचच्या दूरच्या टोकाला वेगळं फिरतं घर (मोबाइल होम) टाकायचा तिसरा मार्ग काही जणी सुचवतात. मला तो दोन्हीकडचे तोटे एकत्र केल्यासारखा वाटला, पण एका ओळखीच्या बाईचं त्यात छान चाललंय. बाकीच्यांना मी, विचाराल तर, रँचकडेच ढकलेन. फक्त जाण्याआधी विम्याचा आकडा काढा, आणि घर कोणाच्या नावावर आहे ते कागदावर बघा, तोंडी नको.

गावातलं घर आम्ही विकलं नाही, एका शिक्षिकेला भाड्यानं दिलंय. कारण हायस्कूल व्हॅलेंटाइनला आहे. शाळेच्या दिवसांत आई मुलांना घेऊन गावात आणि बाप रँचवर, ही इथली जुनी रीत आहे, आणि आमच्यावरही ती वेळ येऊ शकते. दुसरा मार्ग गाडीचा. नेब्रास्कात रँचवरच्या मुलांना 14 वर्षं 2 महिने पूर्ण झाले की शाळेपुरता गाडी चालवायचा परवाना मिळू शकतो. लेक आता अकराची आहे आणि तिनं हिशेब सुरूही केलाय. 48 मैल म्हणजे पहाटे पावणेसहाला निघावं लागेल, असं नवरा परवा जेवताना म्हणाला. ती बटाटा चमच्यात तसाच धरून म्हणाली, ‘पावणेसहा कुणाचे?’