भुलेश्वरहून घेतलेली पितळी अन्नपूर्णा, आठ महिन्यांनंतर

परवा गुरुवारी देव घासायला काढले आणि अन्नपूर्णेच्या पाठीवरचा नखाएवढा पापुद्रा सुटून माझ्या बोटाला चिकटला. पातळ, प्लास्टिकच्या कागदासारखा, आणि त्याच्याखाली पितळ एकदम काळपट तपकिरी. लग्नसराई तोंडावर आहे, खूप जणी हीच खरेदी करणार, म्हणून सगळं लिहून टाकते.

लेकीचं लग्न माघात आहे. गौरीहराला पुजलेली अन्नपूर्णा तिच्याबरोबर सासरी जाणार, म्हणून अक्षय्य तृतीयेलाच घेऊन ठेवली. चार इंची, भरीव, ६१० ग्रॅम. सोबत लोहचुंबक नेलं होतं, चिकटलं नाही (पितळेला चिकटतच नाही, आत लोखंड असेल तर लगेच कळतं). तळ उलटा करून पाहिला, लाख वगैरे भरलेली नव्हती. दुकानदार म्हणाले, ताई लॅकर (वरून पारदर्शक थर) मारलंय, कधी काळी पडणार नाही. मला तेव्हा तेच आवडलं, कारण आम्ही माहीमला राहतो, खाऱ्या हवेने इथे पितळ पंधरा दिवसात मंद पडतं.

श्रावणापर्यंत खरंच सुंदर होती. मग दर शुक्रवारी पंचामृत घातलं आणि मांडीवरच्या पळीखाली जी बारीक फट असते ना, तिथून काळे ठिपके सुरू झाले. कोट कुठेतरी तडकला की ओल आत शिरते आणि मग वरून कितीही घासा, हात त्या डागापर्यंत पोचतच नाही कारण मध्ये तो थर आहे! दुकानात घेऊन गेले तर म्हणे, अभिषेक कशाला घालता, ही कोरड्या फडक्याने पुसायची, परत पॉलिश आणि लॅकर करून देतो, ३५० रुपये. मी गौरीहराची अन्नपूर्णा म्हणून मागितली होती, देवाला अंघोळ नाही घालायची हे विकताना सांगायला हवं होतं. मी पैसे दिले नाहीत, मूर्ती घेऊन घरी आले.

तेव्हा मूर्तीच वाईट असं माझं मत झालं होतं, ते आता बदललंय. पापुद्रा निघाल्यावर अॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर आणलं, निरांजन विझवलं, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि कापसाने दोन संध्याकाळी बसून सगळा कोट काढला. आतलं काम इतकं रेखीव आहे, नथीचे मणीसुद्धा वेगळे मोजता येतात. हे सगळं त्या थराखाली बुजलं होतं.

एक चूक झाली. डाग जावेत म्हणून चिंचेचा कोळ लावून फोनवर बोलत बसले, अर्ध्या तासाने पाहते तर खांद्यावर गुलाबी छटा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटात जास्त वेळ राहिलं की जस्त आधी सुटतं आणि तांबं वर दिसायला लागतं. हलक्या हाताने घासून बरीचशी गेली. आता चिंच लावली तर दोन मिनिटं, लगेच धुवायचं, तेही महिन्या-दोन महिन्यातून एकदाच.

रोज घासूही नका. माझ्या लग्नातली अन्नपूर्णा आहे, १९९४ ची, तिला आम्ही वर्षानुवर्षं राख आणि काथ्याने घासलं. चकचकीत आहे पण डोळे पुसले गेलेत, नाक सपाट झालंय. तिच्याकडे बघितलं की वाईट वाटतं. त्यामुळे नवीला फक्त कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश. थोडी मंद दिसते, मला ती तशीच चालते.

तर घेताना बिनलॅकरची मागा, सरळ शब्दात. शेल्फावर जी जरा मंद पडलेली असते ती बहुतेक बिनकोटची, तीच घ्या, चकाकी घरी आणता येते. मुंबईतल्या गुलालवाडीतही वजनावर मिळतात, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

आणि अंघोळीनंतर पळीखालच्या त्या फटीत पाणी राहू देऊ नका. फडकं तिथे जात नाही. मी कापसाची फुलवात पिळून बारीक टोक करते आणि त्याने टिपते, लेकीलाही तेच दाखवून ठेवलंय.