बँडकॅम्पवर भीमगीतं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा भीमगीतांचा संच नागपूरचा. पेटी, ढोलकी, झांज आणि कोरस. पूर्वी दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर कॅसेट खपायची, मग सीडी. आता सीडी लावायला घरोघरी यंत्रच उरलं नाही. मधे एका वितरकामार्फत गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅपवर टाकली, पण वर्षाची वर्गणी संपली तशी गाणीही उतरली. म्हणून बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आपली गाणी थेट श्रोत्यांना विकतात त्या वेबसाइटवर आलो, आणि इथंच राहणार आहोत.

मोलाची गोष्ट आधी सांगतो. प्रत्येक गाण्यासोबत पूर्ण शब्द आणि श्रेय लिहायला जागा आहे, देवनागरीही नीट दिसते. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतंच, ती आपली शाहिरी रीत. पण ढोलकी कोणाची, चाल कोणी बांधली, कोरसला कोण होत्या, हे आमच्या कॅसेटच्या कव्हरवर कधी मावलंच नाही. आता आमच्या कोरसमधल्या बायकांची नावं गाण्यासोबत जातात. एवढ्यासाठीही मी हे कोणालाही सुचवीन.

गाणं चढवताना एमपीथ्री चालत नाही. वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल लागते. ते बरंच आहे. पानावर ऐकताना १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबून लहान केलेली एमपीथ्री वाजते, त्यात झांज फिसफिसते आणि मागचे आवाज एकमेकांत मिसळतात. तेच गाणं फ्लॅकमध्ये उतरवून घ्या: झांज पार विरेपर्यंत ऐकू येते, ढोलकीचा घुमारा मोकळा लागतो.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्पचा वाटा १५ टक्के, पेमेंटचा खर्च वेगळा. २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात. परदेशातल्या आपल्या लोकांसाठी हे उत्तम. पण पैसे पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेवरून येतात, आणि १ एप्रिल २०२१ पासून पेपॅलवर भारतातल्या भारतात व्यवहार होत नाहीत. म्हणजे इथल्या, नागपुरातल्या इंदोऱ्यातल्या श्रोत्याला आमचं गाणं तिथं विकत घेता येत नाही, आणि आमचा खरा श्रोता तोच. म्हणून किंमत ‘वाटेल ती’ ठेवली, शून्यही चालते. इथल्यांनी फुकट उतरवावं, द्यावेसे वाटले तर यूपीआयवर द्यावेत. फुकट डाउनलोडला महिन्याची मर्यादा असते, तेवढं लक्षात ठेवा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टॉलवर दोन क्यूआर लावू, एक गाण्यांचा, एक यूपीआयचा. पण त्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळणं कठीण, म्हणून लॅपटॉपही नेणार. “भाऊ, यात भरून द्या ना,” म्हणत पेनड्राइव्ह पुढं करणाऱ्यांना ३२० केबीपीएसची एमपीथ्रीच देऊ, ऑटोतल्या टेपवर फ्लॅक वाजेलच असं नाही.