त्याच पगारात कार्यालयाजवळचे घर की शहराच्या कडेचे?

मध्यम आकाराच्या शहरात ठरावीक पगारात भागेल का, हे बरेचसे घर कोठे घेतले यावर ठरते. कार्यालयाजवळच्या घराचे भाडे हाती येणाऱ्या पगाराच्या 40 टक्के असेल, तर ते 30 टक्क्यांच्या रूढ मर्यादेबाहेर जाते; मात्र पायी जाता येत असल्याने प्रवासखर्च जवळजवळ उरत नाही. कडेला भाडे 25 टक्क्यांवर आले, तरी सार्वजनिक वाहतूक अपुरी असल्यास (अशा शहरांत ती बहुधा अपुरीच असते) स्वतःचे वाहन घ्यावे लागते, आणि त्याचा हप्ता, इंधन, विमा व देखभाल मिळून 15 टक्के झाले, की भाड्यातली सारी बचत तेथेच संपते. नियमित बस असेल, तर मात्र मी कडेचेच घर निवडेन.