बसचालकाचे हवेवरचे आसन : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दोन बसगाड्या सातारा आणि पंढरपूर या पट्ट्यात लग्नाच्या व यात्रेच्या भाड्याला जातात. त्यांपैकी एकीत सात महिन्यांपूर्वी हवेवर झुलणारे आणि सीटबेल्ट आसनालाच जोडलेले चालकाचे नवे आसन बसवून घेतले. फिटिंगसह सव्वीस हजार रुपये लागले. विक्रेत्याने ते पाठदुखीवरचा उपाय म्हणून विकले. मी घेतले ते वेगळ्याच कारणाने.

त्याआधीच्या गाळप हंगामात, रात्री, दिवे नसलेली उसाची ट्रॉली चुकवताना हीच गाडी साइडपट्टीवरून उजवीकडे खाली उतरली आणि चालकाच्या बाजूने चिंचेवर आदळली. प्रवाशांचे मुक्या मारावर निभावले. चालकाची मात्र उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली, घोटा निखळला आणि स्टिअरिंगवर छाती आपटून तीन फासळ्या मोडल्या. आत घुसलेला पत्रा आणि ब्रेकचे पेडल यांच्यामध्ये अडकलेला त्याचा पाय पहारीने मोकळा करेपर्यंत पाऊण तास गेला. बहुतेक बसगाड्यांत चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो आणि त्याच्या गुडघ्यांपुढे पातळ पत्रा व काच यांखेरीज फारसे काही नसते. त्यातून रस्ता सोडलेल्या गाडीसमोर झाड किंवा मोरीचा कठडा आला, तर तो काही समोरच्या वाहनासारखा मागे सरकत नाही. युरोपातला आर-२९ हा नियम समोरून आघात झाल्यावर केबिनमध्ये जिवापुरती जागा उरते का हे तपासतो, पण तो मालवाहू वाहनांसाठी आहे. बसला लागू असलेला आर-६६ गाडी उलटल्यावर सांगाडा किती टिकतो एवढेच पाहतो.

जुन्या आसनाला फक्त कमरेचा पट्टा होता. त्याने माणूस काचेतून बाहेर फेकला जाणे टळते, पण छाती आणि डोके स्टिअरिंगवर जायचे ते जातेच. खांद्यावरून येणारा पट्टा गाडीच्या खांबाला जोडून आम्ही मध्यंतरी पाहिला होता. आसन खाली-वर होई, पट्टा जागेवरच राही आणि मान घासून निघे, म्हणून चालक तो पाठीमागून घेऊन बकल नुसते अडकवून ठेवत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ख प्रमाणे पट्टा न लावल्यास हजार रुपये दंड आहे हे ठाऊक असूनही. नव्या आसनात पट्टा आसनाबरोबरच हलतो आणि आमचे दोन्ही चालक तो न सांगता लावतात. माझ्या मते पैसे वसूल झाले ते एवढ्या एका गोष्टीत.

आता दोष. पट्टा आसनाला असल्यामुळे धडकेच्या वेळी चालकाच्या अंगाचा सगळा झटका आसनाच्या चार बोल्टांवर येतो, आणि आमच्या फिटरने ते बोल्ट साधे वायसर टाकून थेट तळाच्या पत्र्यात आवळले होते. गाडीखाली शिरून पाहिले तेव्हा एका बोल्टाभोवतीचा पत्रा नखाएवढा वर उचललेला दिसला. असे आसन जोराच्या धडकेत माणसासकट उपटून पुढे जाऊ शकते. गाडी परत नेऊन, खालून जाड पट्ट्या टाकून त्या चेसिसच्या आडव्या बीमला जोडून घेतल्या. याचे अडीच हजार वेगळे गेले, आणि विक्रीच्या वेळी त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते.

हवेची नळी ब्रेकच्या टाकीवरून येते. मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर आसनाच्या फुग्यातली गळती ब्रेकची हवा खाते. आमच्याकडे तो होता. सकाळी हवा भरेपर्यंत आसन पार खाली बसलेले असते, तेवढा वेळ थांबावे लागते.

पायांच्या बाबतीत मात्र हे आसन काहीही करत नाही. ते चार बोटे मागे सरकते, पण आमच्या बुटक्या चालकाला मग क्लच पुरत नाही, त्यामुळे त्याचे गुडघे पूर्वी होते तिथेच, पत्र्यापासून वीतभर अंतरावर आहेत. दुसऱ्या गाडीसाठीही हेच आसन सांगितले आहे, मात्र खालच्या पट्ट्या बिलात आधी लिहून घेऊन. आणि पेडलांपुढच्या पत्र्याला आतून चौकोनी पाइप मारून देईल असा बॉडीवाला शोधतो आहे.