सांडपाण्याचा पाइप आणि बिनदाताचं बकेट

आयर्लंडमधल्या किल्केनी शहरात, सर रिचर्ड शी यांनी १५८२ मध्ये गरिबांसाठी बांधलेल्या शी आल्म्स हाउसजवळ आमची छोटी खानावळ आहे. मागच्या अंगणात सांडपाण्याचा नवा पाइप टाकायचा होता. परवानगीत अट आली: खोदकाम पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली, खर्च मालकाचा. म्हटलं, झालं कल्याण! नऊ मीटर चरासाठी कोणी लाख-दीड लाख रुपये मोजतं का?

आलेल्या पुरातत्त्वज्ञ बाई मात्र कामाच्या निघाल्या. सरकारी परवाना आधीच काढलेला. जेसीबीला दातांचं बकेट लावू दिलं नाही, सपाट धारेचंच हवं. थर एकेक खरवडायचा, मग त्या ओणव्या होऊन करणीने चाचपणार, फोटो काढणार, खोली मोजून लिहिणार. पावसात दोन दिवस हेच. ड्रायव्हर वैतागला, मी चहा पुरवत राहिलो.

निघालं काय? कालवांची शिंपलं, हाडं, मातीच्या चिलमीच्या नळ्या, खापरांचे तुकडे. म्हणजे जुन्या लोकांचा उकिरडाच. माझ्या मुलाला एक नळी हवी होती. बाई हसून म्हणाल्या, या वस्तू सरकारच्या. तो रुसला. नंतर त्यांनी त्याला ब्रश देऊन एक खापर साफ करू दिलं, तेव्हा कुठे स्वारी खुलली.

तक्रार एकच: अहवाल कबूल तारखेपेक्षा तीन आठवडे उशिरा आला, त्यांच्याकडे फोनही कोणी उचलत नव्हतं. म्हणून रेटिंगमधला एक तारा कापतो. जुन्या पेठेत खोदायचं असेल तर यांना आधी बोलवा, जेसीबी नंतर.