म्युझिक प्लेअर घेताय? चिपचं नाव राहू द्या, आधी वाजवून बघा

म्युझिक प्लेअरच्या खोक्यावर डॅक चिपचं (डिजिटल फाइलीचं आवाजाच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारी चिप) नाव ठळक छापलेलं असतं. निवड करताना त्याचा उपयोग फारसा नाही. तीच चिप स्वस्त प्लेअरमध्येही सापडते आणि त्याच्या कितीतरी पट महागातही. फरक पडतो तो चिपच्या पुढे बसवलेल्या अँप्लिफायरने.

म्हणून माहितीपत्रकात आधी आउटपुट इम्पिडन्स (प्लेअरचा स्वतःचा विद्युत विरोध, ओहममध्ये) शोधा. तो इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाच्या आत हवा. इअरफोन १६ ओहमचे, तर प्लेअर २ ओहम किंवा त्याखाली. बॅलन्स्ड आर्मेचर इअरफोनचा (आत कंप पावणारी चिमुकली पाती असलेल्या) इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बराच वरखाली होतो. त्यामुळे प्लेअरचा आकडा जास्त असेल, तर कुठे बास पातळ होतो, कुठे वरचे सूर बोचायला लागतात. हे इअरफोन फार संवेदनशील असतात, तेव्हा हिसही (मागची सततची सूं-सूं) ऐकून घ्या. पण ती पॉज करून तपासू नका. बरेच प्लेअर पॉज झाल्यावर अँप्लिफायरच बंद करतात आणि सगळं कसं शांत शांत वाटतं. गाणं चालू ठेवून आवाज शून्याच्या एक पायरी वर ठेवा आणि दोन ओळींच्या मधली जागा ऐका. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांसाठी स्वतंत्र तारा असलेल्या) जॅकमधून ताकद जास्त मिळते. चालवायला जड अशा हेडफोनला ती लागते, साध्या इअरफोनला नाही.

खरी निवड सॉफ्टवेअरची. अँड्रॉइडवाल्या प्लेअरवर स्ट्रीमिंगची अ‍ॅप चालतात. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा त्यातला ओळखीचा नमुना: आटोपशीर, मायक्रोएसडीची सोय असलेला, जॅक मात्र फक्त ३.५ मिलिमीटरचा. या जातीचं दुखणं वयाचं आहे. आवाज वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण अँड्रॉइड जुनं होतं आणि एक दिवस अ‍ॅप अपडेट व्हायचं थांबतं. गाणी स्वतःच्या फाइलींतून ऐकणार असाल तर छोट्या, स्वतंत्र प्रणालीचा प्लेअर बरा. झटपट सुरू होतो, बॅटरी कमी खातो. त्यात रॉकबॉक्स (कंपनीच्या प्रणालीऐवजी टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर) चालत असेल तर दुधात साखर.

प्लेअर हातात घेतल्यावर दोन चाचण्या करून पाहा. पहिली चाचणी अखंड रेकॉर्डिंगची. मैफलीचे सलग दोन ट्रॅक लावा. मध्ये क्षणभर जरी खंड पडला, तर गॅपलेस (खंड न पडता वाजवणं) नीट नाही. एमपी३ मध्ये एन्कोडर (फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, ती किती हे फाइलमध्ये नोंदवलेलं असतं आणि आळशी सॉफ्टवेअर ती नोंद वाचत नाही. म्हणून फ्लॅकवर (दर्जा न गमावता आकार कमी करणारा फाइल-प्रकार) पास झालेला प्लेअर एमपी३वर नापास होऊ शकतो.

दुसरी चाचणी देवनागरीची. ‘विठ्ठल’, ‘किरण’ अशी नावं टॅगमध्ये (फाइलीत साठवलेली गाण्याची, गायकाची माहिती) घालून बघा. फॉन्टच नसेल तर चौकोन दिसतील. फॉन्ट आहे पण अक्षरजुळणी नाही, तर जोडाक्षरं पाय मोडून पडतील आणि ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसेल. हा दोष टॅग बदलून जात नाही. नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसली, तर मात्र टॅग पुन्हा आयडी३ २.३ या टॅग-पद्धतीने, यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात लिहून पाहा, बहुतेकदा सुटतं. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे द्या, नाहीतर १ नंतर थेट १० वाजेल.

सीडी दर्जाचं फ्लॅक मिनिटाला साधारण ६ एमबी घेतं, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात सुमारे ३५० तास. ३२० केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला २.४ एमबी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइली जवळपास सहापट जागा अडवतात. खिशात घेऊन फिरताना त्याचं चीज होत नाही. ३२ जीबीवरची कार्डं एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडण्याची एक पद्धत) येतात आणि काही स्वस्त प्लेअर फक्त फॅट३२ ओळखतात. अशा वेळी कार्ड परत करू नका, फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. पण त्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ते पूर्ण भरून वाचून घ्या. खोट्या क्षमतेचं कार्ड सुरुवातीची गाणी नीट वाजवतं, नंतरची गिळतं.

ब्लूटूथसाठी एलडॅक (सोनीची ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत) असेल तर ९९० केबीपीएसवर हट्ट धरू नका. गर्दीत तुटतं, ६६० पुरे. आणि एक बारीक खोच: काही स्वस्त प्लेअरला यूएसबी-सीचं तोंड असतं, पण आतले, चार्जरला ओळख पटवणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर वगळलेले असतात. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. प्लेअर बिघडलेला नसतो. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी-ए असलेली केबल लावा.