ऑपरेशन गुडघ्याचं, हात मात्र कमरेला

उजवा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा सर्जननी सांगून ठेवलं होतं, आधी तो किती सरळ होतो आणि किती वाकतो यावर नंतरचं बरंच अवलंबून असतं. माझा तर पूर्ण सरळ होतच नव्हता. म्हणून त्यांना विचारूनच आधी ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू दाबून, ताणून, हलवून करायचे उपचार, घेतली.

पहिल्या दिवशी ऑस्टिओपॅथ बाईंनी गुडघ्याला फारसा हातच लावला नाही. मला चालायला लावलं, मग खुबा, कंबर, घोटा तपासला. दुखरा पाय सांभाळत लंगडत चाललं की कंबरही धरते, ती माझी धरलेलीच होती. हाडं कडाकडा मोडतील ही धास्ती फुकट गेली. टाच त्यांच्या हातावर हलकेच दाबायची, पाचेक सेकंदांनी सैल सोडायची, आणि तेवढ्यात त्या पाय आणखी जरासा सरळ करत. वाटी चिमटीत धरून सरकवणं मात्र चांगलंच दुखलं.

आता मुद्द्याचं. ऑपरेशननंतर कमी दुखलं का? गुडघा तरी नाही. हाडांची टोकं कापून धातू बसवतात, ते दुखणारच. तिथे गोळ्या आणि बर्फच हवा. फरक पडला तो कमरेत. रात्र रात्र उताणं पडणं जमलं, वॉकर धरून उभी राहिले तेव्हा कमरेतून कळ आली नाही. त्यामुळे व्यायामाला अंग चोरलं नाही, आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा तो नकोसा प्रकारही निभावला.

ऑस्टिओपॅथ बाईंच्या पत्रकातलं ‘वेदना निम्म्यावर’ हे वाक्य मात्र काढून टाकावं. एवढं छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. शिवाय मांडीच्या व्यायामाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. ऑपरेशननंतर मांडीची ताकद झपाट्यानं उतरते, त्यामुळे आधीच कमावून ठेवावी लागते. ते माझ्याकडून फिजिओथेरपिस्टनं करून घेतलं. दोन्हींतलं एकच परवडणार असेल तर व्यायाम निवडा.

डाव्याची वेळ आली तर मी पुन्हा जाईन, पण ऑपरेशनच्या आधीच. नंतर पोटरी सुजून दुखायला लागली तर कुणाकडूनही चोळून घेऊ नका, रक्ताची गाठ असू शकते; तडक सर्जनना दाखवा.